कळपाचं औषध

त्या उन्हाळ्यात वाटूरच्या शिवारात कावळे चालत फिरायचे. पंख उघडले की बगलेत ऊन शिरतं म्हणून. फाट्यावरचा हॉटेलवाला तर शपथेवर सांगायचा की त्यानं गॅस न पेटवता भजी तळली. पण त्याच्या भज्यांवरच कुणाचा भरवसा नव्हता, तर बोलण्यावर कुठून असणार. एवढं मात्र खरं, की दुपारी धुळाजीच्या शेडमध्ये उभं राहिलं की डोक्यातलं तेल वितळून कानावर यायचं, आणि आतल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून, लग्नात जेवण संपल्याचं कळलेल्या वऱ्हाडासारख्या पडून असायच्या.

धुळाजी मूळचा मेंढरांचा माणूस. आज्यापासून त्यांची मेंढरांची खांडवी दुधना नदीच्या काठानं खाली उतरायची आणि पावसाच्या सुमाराला परत यायची. मग रानांना तारा लागल्या, पडीक जमिनी नांगराखाली गेल्या, बसायला जागा राहिली नाही. मेंढरं विकली. पोरगा अंगद जरा शिकलेला. त्यानं एका कंपनीशी बोलून कोंबड्यांचं शेड टाकलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; ऊन आणि वास तेवढा घरचा. दीड महिन्यात पिल्लाची कोंबडी व्हायची, गाडी लागायची आणि शेड रिकामं व्हायचं.

मेंढरं गेली तरी धुळाजीची वैदकी गेली नव्हती. त्याच्याबद्दल परतूरच्या बाजारात अजून सांगतात, की त्यानं एका मेंढीच्या डोळ्यात बघून नदीपलीकडं चरणाऱ्या तिच्या बहिणीचा रोग ओळखला. बहिणीला तो रोग नंतर झाला, असंही काही जण सांगतात. ते असो. त्याची एक रीत होती आणि ती साऱ्या धनगरवस्तीची होती. एक मेंढी खोकली की सगळ्या खांडव्याला पाजायचं.

“एकीला पाजायचं आन् बाकीच्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?” तो म्हणायचा. “रोग काय सांगून येतो का?”

तीच रीत त्यानं शेडमध्ये आणली. कंपनीचा माणूस पिवळी पावडर द्यायचा. आजार दिसला तर, आणि पुरती मात्रा द्यायची, असं बजावून. धुळाजी ती रोज सकाळी पाण्याच्या टाकीत टाकायचा. पुरती नाही, चिमूट-चिमूट, पुरवून पुरवून. संपली की फाट्यावरच्या दुकानातून तसलीच आणायचा. गाडी लागायच्या आधी आठवडाभर औषध बंद ठेवा, असं कंपनीचा माणूस दर वेळी सांगायचा. धुळाजी दर वेळी मान हलवायचा, आणि तो फटफटीवर बसला की टाकीचं झाकण उघडायचा. त्या उन्हाळ्यात मर लागेल या धास्तीनं चिमटीची मूठ झाली.

आणि पावडर घरातही चालायची. अंगदला कणकण आली की गुळात घालून एक चिमूट. बायनाबाईच्या टाचेला काटा चिघळला, वरून तीच पावडर.

“माणसाचं औषध येगळं असतंय,” बायनाबाई एकदा म्हणाली.

“आपुन मेंढरांसंगं एका डबक्याचं पाणी पेलो. तवा न्हाई म्हणलीस, मी येगळी हाय म्हणून.”

बायनाबाई हसली. नवरा असा बोलला की तिला हसूच यायचं, आणि सून रेणुका पदराआड हसायची. हसण्याच्या घरात भीती उशिरा शिरते. दारं उघडीच असतात, पण तिला वाटतं आपलं इथं काय काम.

गाडी लागली तो दिवस असाच तापलेला होता. उन्हं कलल्यावर हमाल आले, कोंबड्या पायांना धरून उलट्या केल्या, क्रेट भरले. पिसं उडून घामाला चिकटली. मंठ्याचा कचरू आपली तीनचाकी घेऊन आला होता. त्याचं बाजारात चिकनचं दुकान. कंपनीच्या मोठ्या गाडीत न बसलेला माल तो दर खेपेला उचलायचा. लंगड्या, पाय फाकलेल्या कोंबड्या कुणीच नेत नसत. त्या घरी कापायच्या आणि हमालांना जेवू घालायचं, ही वस्तीवरची चाल.

शिवकन्या, अंगदची चार वर्षांची पोर, दिवसभर आज्याच्या मागं अनवाणी शेडमध्ये होती. फ्रॉकच्या ओच्यात पिसं भरून तिनं त्यांचं दुकान मांडलं होतं.

रेणुकानं हौदापाशी कोंबड्या साफ केल्या, विळीवर तुकडे केले. चुलीवर दोन पातेली चढली. तेवढ्यात शिवू काकडीसाठी हटून बसली. रेणुकानं विळीवर तांब्याभर पाणी ओतलं, पातं पदराला पुसलं आणि काकडी चिरून पोरीच्या हातात दिली. विळी स्वच्छ दिसत होती. कुणीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली. आधी अंगद तांब्या घेऊन बांधाकडं पळाला, मग बायनाबाई, मग रेणुका. बाभळीमागं आधीच कुणी बसलंय का, हे लांबून ओरडून विचारायची पाळी आली. धुळाजी स्वतः शेडमागं बसून तिथूनच हुकूम सोडत होता.

“गुळात घाला. सगळ्यांला घाला. ज्याला न्हाई झालं त्याला बी घाला.”

“ज्याला न्हाई झालं असा कोण उरलाय दादा?” अंगद पोट दाबत म्हणाला. तो बापाला दादाच म्हणायचा.

मोठी माणसं पुढं एकेक करून उठली. अंगाची काठी झाली, डोळे आत गेले, पण उठली. धुळाजीनं मिशीवरून हात फिरवला. “बघितलं का. दवाखान्यात गेले असते तर अजून रांगेत असते.”

शिवू उठली नाही.

तिच्या फडक्यात आधी शेंब पडला, मग रक्त. अंग असं तापलं की रेणुकानं कुशीत घेतलं तर पोळल्यासारखं होई. धुळाजीनं मात्रा वाढवली. सकाळी एक, संध्याकाळी एक, गुळाऐवजी मधात. पोर ओकायची, तो पुन्हा चाटवायचा. तिच्या ओठांच्या कडेला पिवळं वाळून राहिलं होतं.

“आता बास करा,” बायनाबाई म्हणाली. यावेळी ती हसत नव्हती.

“मुरू तर दे. घाई केली की औषध मुरत न्हाई.”

“पोर मुरून राह्यली, औषध न्हाई.”

अंगदनं फटफटी काढली. रेणुका पोरीला छातीशी बांधून मागं बसली, धुळाजी काळीपिवळीनं मागून आला. मंठ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पापणी ओढून बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. उचललेल्या कापडासारखी उभीच राहिली क्षणभर.

“घरी काही औषध दिलं होतं का?”

अंगदनं बापाकडं बघितलं. धुळाजीनं भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघितलं.

“न्हाई साहेब. जिऱ्याचं पाणी तेवढं.”

रेणुकानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सासऱ्याला परक्या माणसादेखत खोटं कसं पाडायचं? तिनं ते कधी केलं नव्हतं. डॉक्टरनं सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. ताप उतरल्यासारखा झाला आणि पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा वर. पोर आता रडायची बंद झाली. रडणाऱ्या पोराची भीती वाटत नाही. हे गप्प पोर बघून दवाखान्यातल्या बायासुद्धा लांबून जायला लागल्या.

“जालन्याला न्या,” डॉक्टर म्हणाला. “आजच.”

दवाखान्याच्या गाडीत रेणुका पोरीचे पाय चोळत होती. पाय थंड आणि डोकं जळतं. वाटूर फाटा आला, गेला. तिकडं वळून कुणी बघितलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मामा, तिथं खरं सांगायचं.”

सासऱ्याशी ती इतकी वर्षं पदराआडूनच बोलली होती. आज पदर खांद्यावर होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

“काय खरं? मी काय ईख घातलं का तिला?” धुळाजी म्हणाला.

“ते डॉक्टर सांगतेन. तुम्ही फक्त काय घातलं ते सांगा.”

जालन्याच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, भार्गवी नावाची. बोलायची हळू, पण तिचे हात भराभर चालायचे. तिनं शिवूच्या हाताची शीर शोधली. एकदा सुई घातली, रक्त आलं नाही. पायाला बघितली, तिथं मिळाली. बाटलीत रक्त गेलं. “यात जंतू वाढवून बघतात. कोणतं औषध त्याला मारतं ते त्यावरून कळतं. दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं देते.”

धुळाजीला वाटलं आता सांगावं. पण बाजूला अंगद उभा होता, पलीकडं परके लोक होते. त्याच्या वैदकीवर पाच-पंचवीस गावची माणसं आपली जनावरं घेऊन आली होती. रेणुकानं त्याची वाट बघितली. वाट बघताना तिचा श्वास ऐकू येत होता. मग तीच बोलली.

“पिवळी पावडर देत्यात म्याडम. कोंबड्यांला बी, पोरीला बी. घरात समद्यांला.”

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर धुळाजीला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, “रोज?” आणि त्यानं मान हलवली. “पाकीट आणा,” ती म्हणाली. अंगद त्याच पावली गावाकडं निघाला.

रक्ताचा निकाल येईपर्यंत शिवूच्या पोटाचा नगारा झाला. श्वास वर-वर चालायचा, नाकपुड्या फुलायच्या. बायनाबाई गावाकडून आली, तिनं उशाला बिरोबाचा भंडारा ठेवला आणि नर्सनं तो न बघितल्यासारखं केलं. वॉर्डातला पंखा गरम हवाच फिरवत होता. धुळाजी पलंगाच्या पायथ्याशी उकिडवा बसून होता, मेंढरं राखायला बसायचा तसा. फक्त राखायचं काय, ते दिसत नव्हतं.

डॉक्टर आली ती सरळ त्याच्यापाशी.

“आजोबा, जंतू रक्तात गेलाय. मंठ्याला दिलेली इंजेक्शनं त्याला लागू पडत नाहीत. मी दिलेलंही नाही. तुमची पावडर तर नाहीच.”

“लागू पडत न्हाई म्हंजे? औषध खोटं हाय का?”

“औषध खरंय. जंतू सरावलाय. तुम्ही रोज थोडं थोडं पाजलं. कच्चे होते ते मेले. जे ते पचवून उरले, त्यांचीच पिलावळ शेडभर झाली. कोंबडीच्या पोटात, विष्ठेत, मांसात. शिजवलं की मरतात, पण कच्च्या मांसाची विळी, हात यांतून पोटात जातात.”

धुळाजीनं पोरीच्या फुगलेल्या पोटाकडं बघितलं. मग तो म्हणाला, “आमी दुष्काळात तगलेला एडका राखतो. पैदाशीला. लेकरं बी तशीच काटक निघत्यात.”

“हां. तसंच.”

“म्हंजे मी त्येंची पैदास धरली.”

डॉक्टरनं मान हलवली.

“एक औषध उरलंय,” ती म्हणाली. “निकालात तेवढं एकच मारणारं दिसतंय. आत्ता सुरू करते.”

“आन् तेबी न्हाई लागलं तर?” रेणुकानं विचारलं.

डॉक्टर पोरीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं नर्सला नवी बाटली लावायला सांगितली.

थेंब पडायला लागले. सगळं घर त्या थेंबांकडं बघत राहिलं. धुळाजी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या औषधाला हात जोडून बसला होता. ताप त्या दिवशी हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाईला पोरीच्या गळ्याखाली ओलं लागलं. तिला वाटलं पाणी सांडलं. मग ती म्हणाली, “घाम हाय. आगं रेणुका, घाम हाय,” आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. संध्याकाळी शिवूनं सुई लावणाऱ्या नर्सला लाथ मारली. नर्सच हसून म्हणाली, “मारू दे, मारू दे.”

त्याच सुमाराला शेजारचा पलंग भरला. मुलांच्या वॉर्डाला लागूनच बायांचा वॉर्ड, मधे नुसता पडदा. जागा नव्हती म्हणून त्यांनी पलंग पडद्याच्या अलीकडंच लावला. शीतल नावाची पोरगी, सात महिन्यांची गरोदर. ताप, हगवण, डोळे झाकलेले. सोबत तिची सासू चतुराबाई, मंठ्याच्या बाजारात भाजी विकणारी. दुःखात बोलत सुटणारी बाई. तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं आणि न विचारता अर्धी भाकरी धुळाजीच्या हातावर ठेवली.

“खावा पाव्हणं. दवाखान्यात उपाशी माणूस लवकर पडतं. तुमची नात व्हय? उतरला का ताप?”

“उतरून राह्यला.”

“आमचीला बघा. इतके दिवस काहीच नको म्हणायची. मग म्हणली, आत्या, रस्सा खाऊ वाटतो. म्हणलं डोहाळा हाय, न्हाई म्हणू नये. तव्हा कचरूच्या दुकानातून ताजी कोंबडी आणली. डोळ्यापुढं कापून घेतली. अगदी ताजी हो, त्याच सांजंला वाटूरकडून आल्ती म्हणला.”

धुळाजीच्या हातात भाकरी तशीच राहिली.

अंगदनंही ऐकलं होतं. तो बापाच्या जवळ वाकला. “दादा, एक शब्द बोलू नका. कंपनी पिल्लं टाकायची बंद करन. गावात तोंड दाखवता येणार न्हाई. त्यांचं रक्त घेतलंच की. निकालात येईनच.”

“कवा येईन?”

“येईन दोन-तीन दिवसांत.”

धुळाजीनं शिवूकडं बघितलं. तिच्या गालावर आता कुठं पोरासारखा रंग येत होता. मग त्यानं शीतलकडं बघितलं. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. श्वास वर-वर चालला होता. हे श्वास त्याच्या ओळखीचे होते. दोन-तीन दिवस म्हणजे काय, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

नर्स आली. तिच्या ट्रेमध्ये तीच बाटली होती, जी आधी शिवूला लावली होती आणि जी लागू पडली नव्हती. बाटलीचं निळं टोपण त्यानं इतक्या वेळा बघितलं होतं की डोळे मिटूनही दिसलं असतं. तिनं सिरिंज भरायला घेतली.

अंगदनं बापाचा दंड धरला. धुळाजीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

“ताई, ते भरू नका.”

“काय झालं आजोबा?”

“ते लागत न्हाई तिला. आमच्या पोरीला ज्ये लागलं ते द्या. म्याडमला बोलवा.” त्याचा आवाज वॉर्डभर गेला. पलीकडच्या दोन बाया उठून बसल्या. “हिच्या पोटात बी माझ्याच खांडव्यातलं हाय. कोंबडी माझ्या शेडची हुती.”

नर्स सिरिंज ठेवून धावली. अंगद तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रेणुकानं डोक्यावर पदर घेतला नाही, नजरही चोरली नाही. ती सासऱ्याकडं बघत राहिली.

चतुराबाईला आधी कळलं नाही. मग कळत गेलं, तसं तिचं तोंड हळूहळू मिटलं. ती उठली, धुळाजीजवळ आली आणि त्याच्या तळहातावरची अर्धी भाकरी उचलून परत गाठोड्यात ठेवली. गाठ मारली.

डॉक्टर आली. तिनं धुळाजीचं दोन वाक्यांत ऐकून घेतलं, कचरूचं दुकान, गाडीचा दिवस विचारला, आणि औषध बदलायला सांगितलं. शीतलच्या हातात ते दुसरे थेंब सुरू झाले. ते झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, “कचरूनं नेल्या त्या कळल्या. मोठी गाडी कुठं गेली?”

“संभाजीनगरकडं तोंड हुतं.”

“पुढं?”

“पुढं माहीत न्हाई.”

डॉक्टरनं ते कागदावर टिपून घेतलं आणि ती फोन करायला बाहेर गेली. तिची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकू आली. धुळाजी त्या पावलांच्या मागं मागं मनानं गेला. रस्ता, धाबे, दुकानं, लग्नाची पातेली, कुणाची तरी ओली विळी. त्याला पुढं जाववेना.

शीतलनं डोळे न उघडता पोटावर हात ठेवला.

“हलून राह्यलं का गं?” चतुराबाईनं विचारलं.

शीतलनं हात तिथंच दाबून ठेवला. ती वाट बघत होती.

चतुराबाई धुळाजीकडं न बघता म्हणाली, “तुमच्या पोरीला लागलं. आता हिला लागन का?”

हा प्रश्न त्याला लोकांनी जन्मभर विचारला होता. मेंढी पुढं करून, शेळी पुढं करून, रात्री कंदील धरून. आणि दर वेळी तो मिशीवर हात फिरवत म्हणाला होता, लागन, घरी जा, झोपा निवांत. तेच शब्द आत्ताही जिभेवर आले.

“माहीत न्हाई, बाई,” तो म्हणाला.

मग तोही शीतलच्या त्या हाताकडं बघत उभा राहिला. बांगड्यांखालचं मनगट घामानं चमकत होतं. हाताखालचं पोट अजून हललं नव्हतं, आणि वरून थेंब पडत होते.